लावणारा एक, पुसणारा एक

३ मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. मामी शेजारी गप्पांत रंगली असणार आणि तुमच्या कानांना हल्ली घंटा ऐकू येत नाही, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले. एका परीने बरं झालं. तुम्ही फोनवर सांगता त्यातलं निम्मं मी विसरते. पत्र मात्र भिंतीला टाचून काम करता येतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून एक लाकडी डेक आहे, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा. तुम्ही तो पाहिलेला नाही. घर घेतलं तेव्हा फळ्या कोऱ्या होत्या. त्यांना रंग कोणता द्यायचा यावर आम्हा नवरा-बायकोचं एकमत कधी झालंच नाही. त्याला मधासारखा फिका हवा, मला भाजलेल्या कॉफीसारखा गडद. आमचा वाद चालू राहिला आणि फळ्या बिचाऱ्या राखेसारख्या करड्या पडल्या. आता मी तोडगा काढला आहे. मधल्या फळ्यांना त्याचा रंग, आणि चारही कडांनी चौकटीसारख्या ज्या फळ्या आहेत त्यांना माझा.

तो सध्या कामासाठी दुसऱ्या गावी असतो. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येणार आहे. तोपर्यंत डेक तयार हवा आणि त्याला तो आवडायला हवा. हसू नका मामा, पण या वर्षी मला याहून जास्त काही नको आहे. तुम्ही तंत्रशाळेत जन्मभर लाकडाचं पॉलिश शिकवलंत. मलाही अगदी पहिलीपासून शिकवा.

मामीला नमस्कार.

तुमची
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आनंदाच्या भरात पहिले पान चष्म्याशिवायच वाचले, आणि मग काय वाचले ते कळावे म्हणून चष्मा लावून पुन्हा वाचले. निवृत्तीनंतर मला कोणी लाकडाविषयी काही विचारलेले नाही. तेव्हा आता तुझी सुटका नाही.

आरंभ व्याख्येपासून करू, कारण व्याख्या चुकली की हातही चुकतो. तू ‘रंग’ म्हणतेस. तुला हवा आहे तो स्टेन. रंग लाकडाच्या अंगावर बसतो आणि त्याला झाकून टाकतो. स्टेन लाकडाच्या आत उतरतो आणि त्याच्या रेषा अधिक ठसठशीत करतो. म्हणून लाकूड जितका पिऊ शकेल तितकाच स्टेन त्याला पिऊ द्यायचा आणि वर उरलेला लगेच पुसून घ्यायचा. न पुसलेला स्टेन पृष्ठभागावर साचतो, दिवसेंदिवस चिकट राहतो आणि पाहुण्यांच्या मोज्यांबरोबर घरभर फिरतो.

आता क्रम. प्रथम फळ्या साबणाच्या पाण्याने, रेषांच्या दिशेने घासून धू. करडेपणा म्हणजे लाकडाचा मेलेला थर. तो निघाल्यावाचून पुढचे सारे व्यर्थ. मग वाळू दे. वाळल्या आहेत अशी खात्री झाली की आणखी वाळू दे. त्यानंतर खरखरीत पॉलिश पेपर. फळी काचेसारखी गुळगुळीत करण्याच्या मोहात पडू नकोस, कारण फार बारीक पेपर मारला की लाकडाची छिद्रे बुजतात आणि ते तोंड मिटून घेते. शेवटी पाण्याचे काही थेंब टाकून पाहा. ते मोत्यांसारखे वर बसून राहिले तर थांब. आत शिरले तर लाकडाला तहान लागली आहे असे समज.

दोन रंगांत फिका आधी, गडद नंतर. फिक्याचा थेंब गडद फळीच्या जागी सांडला तर गडद त्याला पोटात घेतो. उलट घडले तर रडत पॉलिश पेपर हाती घ्यावा लागतो. आणि रंग बदलायचा तो दोन फळ्यांच्या सांध्यावर, एका फळीच्या अध्येमध्ये कधीही नाही. तुझी चौकट यासाठी फारच सोयीची आहे. ज्या सुताराने ती केली त्याला माझा नमस्कार कळव.

वापरलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. तेलकट फडकी आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या हवेत एकेक सुटे वाळत घाल.

सर्वांत महत्त्वाचे राहिले. हे काम दोघांचे आहे. एकाने लावत पुढे जायचे, दुसऱ्याने पुसत मागोमाग यायचे. ब्रश थांबता कामा नये आणि ओली कड वाळता कामा नये. मी लावतो आणि तुझी मामी पुसते, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. तेव्हा जावईबापूंना चकित करण्याचा बेत असेल तर तो सोडून दे. मधल्या एखाद्या सुट्टीला ते येतील तेव्हा त्यांच्या हाती फडके दे.

मामी आशीर्वाद सांगते. म्हणते, “जावयाला म्हणावं, लाकूड कळतं ते पुसणाऱ्याला. लावणारा नुसता मिरवतो.” हा टोला कोणाला आहे हे तू ओळखले असशील.

तुझा
मामा


३० मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं आहे. त्यावर आता साबणाचे शिंतोडे आणि बोटांचे ठसे आहेत. घासलं, धुतलं, वाळवलं, पुन्हा वाळवलं. थेंब आत शिरले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते.

गेल्या रविवारी तो आला होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोघांनी मिळून मधला भाग केला. तो लावत होता, मी पुसत होते. पण मामा, काहीतरी बिघडलं आहे. सगळ्या फळ्यांवर हातभर अंतरा-अंतराने आडवे गडद पट्टे उमटले आहेत, शेजारशेजारच्या फळ्यांवर अगदी एका ओळीत. पट्ट्यांच्या कडा चकाकतात आणि बोट लावलं तर चिकटतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “डब्यात दोष नाही हो ताई, हातात असेल.” असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

मधाचा रंग म्हणून लावला आणि झाला वाघ. तो येईल तेव्हा हे असं दिसून चालणार नाही. म्हणजे, पुन्हा येईल तेव्हा. काय करू ते लवकर कळवा.

भिंगरी


४ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र बरोबर नाही. रागावू नकोस, मी कारणमीमांसा लिहितो, चुकत असेन तर सांग.

हातभर अंतर म्हणजे गुडघ्यांवर बसलेल्या एका माणसाची पोहोच. तो पोहोचेल तेवढ्या फळ्यांना स्टेन लावतो. मग ब्रश खाली ठेवतो, फडके उचलतो, मागे वळून पुसू लागतो. तेवढ्यात पुढची कड वाळते. तो पुन्हा ब्रश घेतो आणि वाळलेल्या कडेवरूनच पुढे सुरुवात करतो. तिथे स्टेन दुहेरी पडतो, आणि तोच तुझा पट्टा. दोघे असते तर ब्रश थांबलाच नसता आणि पट्टे एका ओळीत येण्याचे काही कारणच उरले नसते. वर्गात जोडीदार गैरहजर असला की मुलांच्या फळ्यांवर हुबेहूब असेच पट्टे येत, आणि तीही मला ‘दोघांनी केलं सर’ असेच सांगत.

भिंगरी, त्या डेकवर एकच माणूस होता. तुझ्या घरात किती आहेत?

मामा


८ एप्रिल

ती. मामांना नमस्कार.

चोरी पकडलीत. घरात मी आहे. नोव्हेंबरपासून मीच आहे.

भांडण म्हणावं असं काही झालं नाही. एका संध्याकाळी तो म्हणाला, “मला जरा वेगळं राहून बघायचंय.” मी म्हटलं, “बघ.” जणू तो दुकानात शर्ट घालून बघायला निघाला होता. त्यानंतर तो एकदाही आलेला नाही. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येऊन काय ते सांगतो म्हणाला आहे. परत येतो की नाही, ते. आईला मी यातलं काही कळवलेलं नाही, कारण तिचं ‘मी आधीच सांगितलं होतं’ ऐकायची ताकद अजून जमवायची आहे.

आता तुम्हाला सगळं सांगतेच. आम्ही कधी कोणत्या गोष्टीत निम्मं-निम्मं केलं नाही. एक जण जिंकायचा आणि दुसरा गप्प बसायचा. पडदे त्याचे, गादी माझी, सुट्टीचं ठिकाण त्याचं. डेकवर तेवढं कोणीच जिंकलं नाही. म्हणून मला वाटलं, त्याने दार उघडलं की समोर त्याचा रंग असावा आणि त्याभोवती माझा. म्हणजे मला तोंडाने काही बोलावं लागणार नाही. बोलायला गेले की माझं नेहमी उलटं होतं.

ऑफिसातून घरी येते तेव्हा घर इतकं गप्प असतं की मी आधी मागचं दार उघडते आणि पॉलिश पेपर घेऊन बसते. खरखर चालू असली की बरं वाटतं. शेजारीण परवा कुंपणावरून म्हणाली, “केवढी हौस आहे हो तुम्हाला.” मी म्हटलं, “हो ना.”

तेव्हा आता एवढंच सांगा. हे काम एकट्या माणसाला जमतं का?

भिंगरी


१४ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे शिकवूनही हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता, याचे मला फार आश्चर्य वाटले. म्हणून प्रयोग करून पाहिला. कोठीतल्या जुन्या फडताळाच्या फळ्या सुट्या केल्या, मागच्या पडवीत मांडल्या आणि तुझ्यासारखाच गुडघ्यांवर बसलो. पहिल्या फेरीत तुझ्यासारखेच पट्टे आले. दुसऱ्या फेरीत त्याहून वाईट आले. तिसऱ्या फेरीत एक गोष्ट ध्यानात आली आणि मी तिथेच बसून मोठ्याने ‘अरेच्चा’ म्हणालो.

आपली चूक दिशेची होती. आपण पोहोचेल तेवढ्या सगळ्या फळ्या एकदम धरत होतो, म्हणजे आडवे पुढे सरकत होतो. एकट्याने एकच फळी धरावी आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत संपवावी. थांबायचे ते फक्त फळीच्या शेवटी, कारण तिथे सांधा आहे, आणि सांध्यावर पट्टा उमटू शकत नाही. रुंद ब्रश बाजूला ठेव. फळीच्या रुंदीची स्पंजची गादी घे, तिने हात भरभर चालतो. फडके जमिनीवर ठेवू नकोस, खांद्यावर टाक. ते शोधण्यात जातो तोच वेळ घातक असतो. काम सकाळी, फळ्यांवर ऊन येण्यापूर्वी कर. आणि सुरुवात अंगणाच्या टोकाकडून करून दाराकडे सरकत ये. उलट केलेस तर काम संपेल तेव्हा तू बाहेर अडकशील आणि कुंपणावरून शेजारणीकडे मुक्कामाला जावे लागेल.

आधी झालेले निस्तरायचे ते असे. चिकट जागा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घे, वाळू दे, मग पट्टे पॉलिश पेपरने घासून काढ. संपूर्ण फळी घास, नुसता पट्टा नव्हे. नाहीतर तिथे फिकट ठिगळ दिसेल. हे कंटाळवाणे आहे. माझ्या गुडघ्यांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे, यावरून कल्पना कर.

जावईबापूंविषयी मी काही लिहीत नाही. मला लाकडातले कळते. तुला तोंडाने सांगता येत नाही ते फळ्या सांगतील की नाही, हे मी खरोखर सांगू शकत नाही. पण त्या स्वच्छ होतील, हे नक्की सांगतो.

मामी आशीर्वाद सांगते.

मामा


२१ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

झालं. मधला भाग मधासारखा झाला आहे, एकही पट्टा नाही. कडेच्या गडद फळ्या काल सकाळी संपवल्या. कोपऱ्यांत जिथे दोन गडद फळ्या मिळतात तिथे लहान ब्रशने, श्वास रोखून. शेवटची फळी पुसून उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं आणि मागे वळून बघितलं, तेव्हा हे आपण केलं आहे असं वाटेचना.

आता तुमचं पत्र दारावरून काढून पुन्हा नीट वाचलं. मामा, मीसुद्धा तुमचीच भाची आहे. तुम्ही पहिल्या फेरीत पट्टे आले असं लिहिता. फडकं खांद्यावर टाक म्हणता. मामी घरात असताना तुम्ही फडक्याला हात लावलात? ती लावू देईल? आम्ही मुलं तिच्या फडक्यांच्या डब्याला नुसतं शिवलो तरी ती अख्खं घर डोक्यावर घ्यायची. तुम्ही ब्रश घेतल्याचं ऐकलं की पोळपाटावरून उठून यायची आणि “थेंब, तिकडे थेंब राहिला, डोळे आहेत की बटणं?” म्हणत मागे लागायची. तुमच्या प्रयोगाच्या वेळी ती कुठे होती? मी पुन्हा फोन केला. बराच वेळ वाजत राहिला.

रविवार जवळ आला आहे. पण आधी मामी कुठे आहे ते कळवा.

भिंगरी


२५ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझे निदान अचूक आहे. पूर्ण गुण.

तुझी मामी आमच्या रस्त्याच्या टोकाला जे शुश्रूषागृह आहे, तिथे असते. हिवाळ्यापासून. विसरणे आधीच सुरू झाले होते. ते आम्ही दोघे मिळून झाकत असू. ती मला खुणेने विचारी, मी हळूच शब्द सांगे, आणि फोनवर तुम्हा कोणाला काही कळत नसे. मग एकदा ती गॅस पेटवून बाहेर निघून गेली, आणि नंतर एकदा मलाच घरात घेईना. परका माणूस म्हणून. दाराआडून म्हणाली, “मालक घरी नाहीत, नंतर या.” मी पायरीवर बसून राहिलो आणि थोड्या वेळाने ‘आलो गं’ अशी हाक मारून आत गेलो. तेव्हा घेतले. पुढे तेही चालेना.

चांगली होती तेव्हा तिनेच बजावले होते की पोरींना कळवू नका, त्या धावत येतील आणि माझ्याकडे तशा नजरेने बघतील. मी तिचा शब्द पाळला. पत्रांतले तिचे आशीर्वाद माझ्या पदरचे होते. ते टोल्याचे वाक्यही. परंतु ती असती तर तिने याच शब्दांत सुनावले असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

मी रोज दुपारी जातो. खोलीत गेलो तर कधी कधी ती घाबरते, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसतो. तिथून तिची खुर्ची दिसते. घरी आल्यावर काही समजावून सांगावे असे कोणी नसते. तुझ्या डेकने माझे दोन महिने भरून काढले, हे तुला सांगायला हवे.

हे पत्र पोहोचेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल. जे झाले असेल ते लिही.

मामा


१ मे

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसला गेलेच नाही.

आधी रविवारचं सांगते, म्हणजे ते बाजूला होईल. तो दुपारी आला, मित्राची मोठी गाडी घेऊन. गाडी बघितली तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी चहा केला आणि मागचं दार उघडलं. तो डेकच्या मधोमध जाऊन उभा राहिला, खाली बघितलं, बुटाच्या टोकाने फळी जरा दाबून बघितली.

“अरे वा, मस्त झालंय. कोणाला दिलं होतंस काम?”

“आहे एक.”

“सफाई आहे हाताला. दोन रंगांची कल्पना त्याचीच का?”

“हो, त्याचीच.”

“छान. घर विकायला काढलं तर उपयोग होईल.”

मामा, तो त्याच्याच रंगावर उभा होता आणि त्याला तो दिसला नाही. मला वाटलं होतं, अशा वेळी रडू येईल. आलं नाही. मी विचारलं, “तू तिकडेच राहणार आहेस?” तो म्हणाला, “हो. मला वाटतं, हो.” मग कपात बघत म्हणाला, “तुला काही बोलायचं असेल तर बोल.” मी म्हटलं, “पाय जरा उचल, बुटाला खडा लागलाय, फळीवर चरा पडेल.” त्याने उचलला.

लिहायचं टेबल त्याचं होतं. ते एकट्याने उचलेना, म्हणून एक बाजू मी धरली. “डावीकडे, जरा डावीकडे, उंबरा आहे,” असं एकमेकांना सांगत आम्ही ते इतकं व्यवस्थित बाहेर नेलं की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय जोडी आहे. गाडी गेल्यावर मी डेकवर बसले. शेजारीण कुंपणाशी आली होती. मला पाहून परत गेली. मग तिथेच आडवी झाले. दिवसभर तापलेल्या फळ्या पाठीला ऊबदार लागत होत्या. कधी आत आले ते आठवत नाही.

आईला काल फोन केला. ती ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणाली नाही. “जेवलीस का?” म्हणाली. मी तिला मामीचं अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं.

आता तुमचं. मी रजा टाकली आहे. सोमवारी सकाळी पोहोचेन. मला थांबवू नका. मामीकडे मी ‘तशा’ नजरेने बघणार नाही. तुमच्याबरोबर रोज दुपारी येईन. फक्त तिथे कसं वागायचं असतं ते मला ठाऊक नाही. सांगाल?

भिंगरी


४ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सोमवारी ये. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतो, म्हणजे निघण्यापूर्वी हाती पडेल. विचारलेस ते क्रमाने सांगतो.

स्थानकाबाहेर उजवीकडे वळ. घराची किल्ली मी दाराला लावूनच ठेवीन, कारण तू कितीही घंटा वाजवलीस तरी मला ऐकू येणार नाही. दुपारी जेवण उरकून निघू. शुश्रूषागृहाच्या पुढच्या दाराशी फार वर्दळ असते. आपण बागेच्या बाजूने जाऊ. तुझ्या मामीची खोली त्याच अंगाला आहे.

आत गेलीस की उभी राहू नकोस. वरून बोलणारी माणसे तिला आवडत नाहीत. तिच्या समोर नव्हे, तर बाजूच्या खुर्चीवर बस आणि ती जिकडे पाहत असेल तिकडे पाहा. मग तीच बोलू लागेल. ‘मला ओळखलंस का’ असे मात्र विचारू नकोस. तो प्रश्न तिला परीक्षेसारखा वाटतो आणि ती नापास झाल्यासारखी मान खाली घालते. तू कोण हे आपण होऊन सांग. ती विसरेल. पुन्हा सांग, पहिल्यांदाच सांगत आहेस अशा आवाजात. हे कठीण आहे, परंतु सवयीने जमते; मी वर्गात दरवर्षी तोच धडा शिकवत असे, त्याचा इथे फार उपयोग झाला.

तिचे हात रिकामे असले की ती कासावीस होते. तिच्या मांडीवर टॉवेल ठेव. ती त्याच्या घड्या घालते, मोडते, पुन्हा घालते. तू एक टोक धरलेस तर दुसरे ती धरील. एवढे केलेस तरी पुष्कळ.

मी बाहेर बाकावर असेन. दार उघडे असते. मला तुमचे बोलणे ऐकू येणार नाही, त्यामुळे माझ्यासाठी म्हणून काही बोलू नकोस.

कधीतरी ती माझ्याकडे बोट करून तुला विचारील की बाहेर बसला आहे तो कोण. ते ती सगळ्यांना विचारते. तिथली परिचारिका मला नंतर येऊन सांगते. तेव्हा घाईने ‘अगं, मामा’ असे सांगून टाकू नकोस. आधी तिलाच विचार, तुला कोण वाटतो. ती बराच वेळ माझ्याकडे पाहते, आणि त्या वेळात मी चष्मा पुसत नाही, हलत नाही, सरळ बसून राहतो. परवा म्हणाली, “कोणाचा तरी नवरा दिसतोय. वाट बघतोय बिचारा.”

तुझा
मामा